जीर्णोद्धाराचा विवेक

कोणतीही उपयुक्त वस्तु जीर्ण झाली म्हणजे तिच्या धन्यापुढें तीन मार्ग उभे राहतात. ती टाकून द्यावी, आठवण म्हणून तशीच ठेवावी, किंवा तिचा जीर्णोद्धार करावा. पहिले दोन मार्ग सोपे आहेत. तिसऱ्यांत मात्र एक नैतिक प्रश्न दडलेला असतो. आपण उद्धार करतों तो कशाचा? वस्तूच्या रूपाचा, तिच्या कार्याचा, कीं केवळ आपल्या हौसेचा? देवळें आणि वाडे यांच्या संबंधानें या प्रश्नाची पुष्कळ चर्चा झाली आहे. आम्ही येथें मुद्दाम एक साधें उदाहरण घेतों: चारही चाकांस एंजिनाचा जोर पोंचणारी शेतावरची जुनी मोटारगाडी, आणि बेताचीच प्राप्ति असलेला तिचा धनी.

या जातीच्या गाड्यांत 'लँड रोव्हर' प्रसिद्ध आहे. रोव्हर कंपनीचे मॉरिस विल्क्स हे वेल्समधील अँगलसी बेटावरच्या आपल्या जमिनीवर महायुद्धांतून उरलेली एक जीप वापरीत असत. तशीच, पण शेतकऱ्याच्या कामाची गाडी आपणच कां करूं नये, या विचारांतून ही गाडी जन्मास आली, व १९४८ सालीं अ‍ॅम्स्टरडॅमच्या प्रदर्शनांत ती लोकांपुढें मांडली गेली. त्या वेळीं इंग्लंडांत पोलादाची टंचाई होती. म्हणून सांगाडा पोलादाचा व वरचे पत्रे बहुतेक अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे, अशी योजना करण्यांत आली. या योजनेचा एक परिणाम मोठा बोधप्रद आहे. वरचे पत्रे तांबड्या गंजानें खाल्ले जात नाहींत; सांगाडा मात्र चिखलपाण्यानें आंतून कुजत जातो. गाडी लांबून धडधाकट दिसते, आणि खालीं हातोडीनें ठोकून पाहावें तों कणा पोकळ झालेला आढळतो.

येथेंच अल्पवित्त मनुष्याची परीक्षा होते. ज्याच्यापाशीं पैसा विपुल आहे त्यास निवड करावी लागत नाहीं. ज्याच्यापाशीं तो मोजका आहे त्यास मात्र प्रत्येक रुपयागणिक ठरवावें लागतें कीं, आधीं काय? मोहाचा क्रम असा: आधीं रंग, मग गाद्या, मग दिवे. विवेकाचा क्रम नेमका उलटा: आधीं सांगाडा, मग ब्रेक व स्टिअरिंग, मग एंजिन, आणि कांहीं उरलेंच तर रंग. त्या जुन्या गाडीचे ब्रेक तेलाच्या दाबावर चालतात, व चारही चाकांस तो दाब एकाच मुख्य सिलिंडरांतून जातो. एक नळी फुटली कीं चारही चाकांचे ब्रेक एकदम निकामी होतात. मग त्या नळीवर वांचविलेला पैसा कोणाचा? रस्त्यानें जाणाऱ्या वाटसरूनें आपल्या काटकसरीस संमति दिलेली नसते. तिचा धोका मात्र त्याच्या वांट्यास येतो. आपली गैरसोय आपणच सोसणें ही काटकसर. तिचा भार न विचारतां दुसऱ्यावर टाकणें यास निराळें नांव आहे. म्हणून आमचें पहिलें मत असें कीं, थोडक्या पैशांत जीर्णोद्धार करण्यांत कमीपणा मुळींच नाहीं. फक्त हात आंखडावयाचा तो रूपाच्या बाबतींत आंखडावा.

परंतु सांगाडा बदलला, ब्रेक बदलले, एंजिनाचे भाग बदलले, तर ती गाडी तीच राहिली काय? थीसियसच्या नौकेच्या फळ्या एकामागून एक बदलल्यावर नौका तीच कीं दुसरी, हा तत्त्वज्ञांचा वाद प्लुटार्कनें नमूद केला आहे. आपल्याकडे 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथांत नागसेन भिक्षु यवन राजा मिलिंद यास विचारतो कीं, ज्या रथांतून आपण आलां तो रथ म्हणजे दांडी काय, आंस काय, कीं चाकें? राजास प्रत्येक वेळीं नाहीं म्हणावें लागतें. तात्पर्य असें कीं, रथ हें नांव भागांच्या जुळणीस व्यवहारासाठीं दिलेलें आहे. त्यापलीकडे रथ म्हणून कांहीं वेगळा पदार्थ नाहीं. हें मान्य केलें, तर जुळणी व कार्य कायम असतां एखादा भाग नवा आला म्हणून गाडी नाहींशी झाली असें म्हणण्यास कारण उरत नाहीं.

उलट बाजूनें, रस्किननें १८४९ च्या 'सेव्हन लॅम्प्स ऑफ आर्किटेक्चर' या ग्रंथांत इमारतींच्या जीर्णोद्धारास असत्य ठरविलें. कारण गेलेल्या कारागिराचा हात पुन्हा आणतां येत नाहीं. १८७७ मध्यें विल्यम मॉरिसनें याच विचारानें प्राचीन इमारतींच्या रक्षणासाठीं एक संस्था स्थापिली. हा आक्षेप आम्हांस वजनदार वाटतो. पण गाडीस तो जपून लावला पाहिजे. कारखान्यांत निघालेल्या नळीवर कोणा एकाच्या हाताची खूण नसते. तशीच दुसरी बसविल्यानें असत्य घडत नाहीं. खूण असते ती भारे टाकून टाकून चेपलेल्या पत्र्यावर, धन्याच्या पायानें झिजलेल्या पेडलवर. तेव्हां रस्किनचा उपदेश पाळावयाचा तो येथें. १९४८ च्या अ‍ॅम्स्टरडॅम प्रदर्शनांतील एक गाडी पुढें वेल्समधील एका शेतांत सुमारें वीस वर्षें जागच्या जागीं शक्ति पुरविण्याच्या कामीं उभी होती. २०१८ मध्यें कंपनीनें तिचा जीर्णोद्धार जाहीर केला, तेव्हां तिचा मूळचा विटलेला रंगही राखण्याचें ठरविलें. श्रीमंत कारखान्यास जें संयमानें साधावें लागतें, तें गरिबास आयतेंच साधतें.

आमच्या देशांत शेताशिवाराच्या वाटा तुडविल्या त्या मुख्यतः जीपनें. अशा जुन्या गाड्यांसंबंधीं २०२१ च्या नियमांनीं एक विचार करावयास लावणारी गोष्ट केली आहे. ज्या गाडीस पन्नास वर्षांहून अधिक काळ लोटला आहे, व जिच्या सांगाड्यांत, बॉडींत वा एंजिनांत मोठा फेरफार झालेला नाहीं, तिला 'व्हिंटेज' म्हणून निराळी नोंदणी मिळूं शकते. मात्र मग ती नित्याच्या किंवा व्यापारी कामासाठीं रस्त्यावर आणतां येत नाहीं. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन व दुरुस्ती, एवढ्यापुरतीच तिची वाट मोकळी. म्हणजे मान मिळाला कीं काम गेलें! जुन्या एंजिनाचा धूर शेजाऱ्याच्या छातींत जातो, हें लक्षांत घेतां या निर्बंधास आम्ही अन्याय म्हणणार नाहीं. पण धन्यानें आधींच ठरवावें कीं, आपणांस मान हवा कीं काम हवें. कारण दोहोंसाठीं करावयाचे जीर्णोद्धार भिन्न आहेत. दोन्ही साधूं पाहणाऱ्याचा पैसाही जातो आणि समाधानही.

शेवटचा आक्षेप सर्वांत अवघड आहे. घरांत मुलांचें शिक्षण आहे, दुखणींबाणीं आहेत. अशा स्थितींत लोखंडाच्या एका जुन्या सांगाड्यावर पैसा घालणें योग्य काय? निर्जीव वस्तूचा आपल्यावर हक्क असतो असें आम्ही मानीत नाहीं. पण जिनें वडिलांचें धान्य वाहिलें तिला पहिल्या बिघाडासरशीं भंगारांत लोटण्याची संवय मनास जडली, तर ती संवय वस्तूंपाशींच थांबेल याची हमी कोणी द्यावी? कृतज्ञता गाडीसाठीं नसते, आपल्या स्वतःसाठीं असते. तथापि तिलाही मर्यादा हवी. कर्ज काढून केलेली कृतज्ञता हा मोह होय. आणि कणाच जेथें वांचण्यासारखा नाहीं व नवा घेण्याची ऐपत नाहीं, तेथें गाडी सोडून तिचे चांगले भाग दुसऱ्या एखाद्या चालत्या गाडीस द्यावे. तोही जीर्णोद्धारच; फक्त त्याचें श्रेय आपल्या नांवावर लागत नाहीं, आणि कित्येकांस तो अवघड वाटतो तो बहुधा याच कारणानें.