वाटेकरी कोणाला म्हणावे?

बाजारात भाजी घेतली, पैसे दिले, देणेघेणे संपले. मग त्या मळ्यात गारा पडोत की पूर येवो, आपला काय संबंध? व्यवहारात हा हिशेब खोटा नाही. परंतु ज्याच्या कष्टावर आपला पिंड पोसतो, त्याचे देणे चार नाण्यांत खरेच फिटते का, हे सज्जनांनी एकदा मनाला विचारावे.

जपानातल्या गृहिणींना हा प्रश्न पडला तो भीतीतून. विषारी फवाऱ्याची भाजी लेकरांच्या पोटात जाते, हे पाहून त्यांनी शेतकऱ्यांशीच थेट संधान बांधले. या रीतीला तिकडे ‘तेइकेई’ म्हणतात. आपण हातमिळवणी म्हणू. तेरुओ इचिराकू यांच्या पुढाकाराने 1971 साली तेथे सेंद्रिय शेतीची संघटना निघाली, आणि 1978 साली या रीतीची दहा तत्त्वे ठरली. त्यातले एक मोठे कठीण आहे : शेतकऱ्याने ठरल्याप्रमाणे जे पिकवले, ते सगळे घ्यायचे. निवडानिवड नाही. मुळा आला तर मुळा, पुढच्या आठवड्यात पुन्हा मुळाच आला तर तोही!

अमेरिकेत 1986 साली मॅसॅच्युसेट्समधील इंडियन लाईन आणि न्यू हॅम्पशरमधील टेंपल-विल्टन या शेतांवर अशीच प्रथा सुरू झाली. हंगामाआधी घरांनी पैसे भरायचे, त्यातून बी-बियाणे, मजुरी भागायची, आणि मळ्यात निघेल त्याचा वाटा न्यायचा. वारकरी मंडळींना यात नवल वाटू नये. दिंडीत आपण आधी भिशी भरतो. पावसाने चूल पेटली नाही, एक वेळ चिरमुऱ्यांवर काढावी लागली, म्हणून कोणी चालकाकडे पैसे परत मागतो का? मागितले तर लोक हसतील.

पण दिंडीतली एक वेळ निराळी आणि सबंध हंगाम निराळा. 2011 च्या ऑगस्टात आयरीन वादळाने अमेरिकेतील व्हर्मांट प्रांतात नदीकाठची शेते बुडाली. पुराचे पाणी लागलेली भाजी खाण्याजोगी राहत नाही. अशा वेळी आगाऊ पैसे भरलेल्या घरी टोपली हलकी येते, किंवा येतच नाही. कोणी म्हणेल, “हे तर उघड नागवणे झाले!” नुसता ग्राहक असेल तर त्याचे म्हणणे बरोबर आहे. पण वाटा म्हटला की तो पिकाचाही आणि बुडीचाही. भरल्या वर्षी टोपली वर येईतो घ्यायची आणि वाईट वर्षी पावती दाखवायची, त्याला वाटेकरी कसे म्हणावे?

आपल्याकडे शेतकरी अडत्याकडून उचल घेतो तेव्हाही पैसा आगाऊच मिळतो. मात्र त्या पैशाने त्याचा माल बांधला जातो, आणि पीक बुडाले तरी उचल डोक्यावर राहतेच. वाट्याचा पैसा त्याच्या डोक्यावर बसत नाही, एवढाच काय तो फरक. पण रात्री झोप लागते ती या एवढ्या फरकाने.

मात्र शेतकऱ्यालाही बंधन हवे. आळसाने तण माजू द्यायचे आणि “देवाची मर्जी” म्हणायचे, हे चालायचे नाही. त्याने खर्चाची वही उघडी ठेवावी, आणि वाटेकऱ्याने महिन्यातून एकदा तरी बांधावर जाऊन यावे.

बलुत्याची आठवण काढून “आमच्याकडे हे होतेच” असे कोणी म्हणू नये. बलुते जन्माने गळ्यात पडत असे. महार वतन कायद्याने जायला 1958 साल उजाडावे लागले. ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याचा वाटा कसला?

राहता राहिली गरिबाची गोष्ट, आणि माझ्या मते खरी अडचण तीच. ज्याची रोजची मजुरी रोजच्या चुलीत जाते, त्याने सहा महिन्यांचे पैसे आधी कोठून आणावे? हा श्रीमंतांचाच धर्म होऊन बसायचा! टेंपल-विल्टनच्या मंडळींनी यावर तोड काढली. वर्षाचा खर्च सभेत सर्वांसमोर मांडतात, आणि प्रत्येक घर आपल्या ऐपतीप्रमाणे आकडा सांगते. कोणी थोडा, कोणी जास्त. कोणी किती भरले यावरून कोणाला किती भाजी, हे ठरत नाही. बेरीज कमी पडली तर ज्यांना झेपेल त्यांनी पुन्हा आकडा वाढवायचा, खर्च भरून निघेपर्यंत.