एक शाळा, तीन साक्षी



बाजारच्या दिवशीं वेशीजवळ चार माणसें बसलीं म्हणजे पाऊस, कांद्याचा भाव आणि गांवची शाळा ह्या तीन विषयांवर बोलणें निघतेंच. पहिल्या दोहोंविषयीं बहुधा सर्वांचें एकमत होतें. तिसऱ्याविषयीं तें कधींच होत नाहीं. एकच इमारत, तेच गुरुजी, तींच पुस्तकें. तरी एक बाप शाळेची स्तुति करितो, दुसरा तिला नांवें ठेवितो, आणि ऐकणारा गोंधळांत पडतो. ह्यांत खरें कोण बोलतो? आणि शाळेविषयीं कसें बोलावें, हें ज्याच्या त्याच्या मर्जीवर आहे, कीं त्यांतही आपलें कांहीं कर्तव्य आहे? ह्याचा आज थोडा विचार करूं.

आम्ही ज्या गांवीं राहतों तेथें जिल्हा परिषदेची सातव्या इयत्तेपर्यंत शाळा आहे. तिच्याविषयीं तीन पालकांचीं मतें आम्हीं ऐकलीं, तीं येथें सांगतों.

पहिली एक ऊसतोडणीस जाणारी बाई. दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल फेडण्याकरितां ती व तिचा नवरा कोयता घेऊन कारखान्याकडे जातात, तीं उन्हाळ्याच्या तोंडीं परत येतात. तिची मुलगी सहावींत आहे व इतके दिवस ती आजीपाशीं राहते. ती बाई म्हणाली, "शाळा लई चांगली हाये. पोर तिथं बसती, दुपारी खिचडी मिळती, बाई तिच्यावर नजर ठेवत्यात. फडावर नेली असती तर आतापातुर तिच्या हातात कोयताच आला असता."

दुसरा एक शेतकरी, स्वतः बारावीपर्यंत शिकलेला. तो म्हणाला, "माझ्या मुलाला पाढे येतात, पण अपूर्णांकांची बेरीज येत नाही. गणिताचे गुरुजी बदलून गेले, त्यांच्या जागी आठ महिने कोणी आलं नाही. शिष्यवृत्तीच्या परीक्षेला त्याला बसवू तरी कसा, तुम्हीच सांगा." त्यानें जून महिन्यांत मुलास तालुक्याच्या इंग्रजी शाळेंत घातलें.

तिसरे एक आजोबा. त्यांचा नातू पांचवींत आहे. ते म्हणाले, "गुरुजींना नावं ठेवू नयेत. आम्ही ह्याच शाळेत शिकलो, आमचं काय वाईट झालं?" शाळेच्या ओट्यावर ते किती वर्षांत चढले नाहींत हें मात्र आम्हीं त्यांस विचारिलें नाहीं.

आतां ह्या तिघांतून खोटें कोण बोलतो? आमच्या मतें कोणीच नाहीं. बाईनें शाळेंत आश्रय पाहिला, आणि तो तिला मिळाला. शेतकऱ्यानें विद्या पाहिली, आणि ती त्याला कमी आढळली. आजोबांनीं आपलें बाळपण पाहिलें, आणि तें त्यांस गोड लागलें. प्रत्येकानें शाळेस आपल्या मापानें मोजिलें. पायलीनें दूध मोजूं नये व शेरानें कापड मोजूं नये, हें आपणांस कळतें; परंतु शाळा मोजतांना आपलें माप कोणतें आहे हें आपण कोणास सांगत नाहीं, फक्त "चांगली" किंवा "वाईट" एवढाच शब्द सांगतों. वादाचें अर्धें मूळ येथें आहे.

परंतु उरलेलें अर्धें अधिक गंभीर आहे. पावसाविषयीं आपण कांहींही बोललों तरी पाऊस कमी किंवा अधिक पडत नाहीं. शाळेचें तसें नाहीं. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा 2009 सालीं झाला व 1 एप्रिल 2010 पासून अमलांत आला. त्याच्या अनुसूचींत सहावी ते आठवी ह्या वर्गांकरितां दर पस्तीस मुलांमागें निदान एक शिक्षक असावा. विज्ञान व गणित, सामाजिक शास्त्रें आणि भाषा ह्यांस निदान एकेक शिक्षक असावा, असें सांगितलें आहे. तथापि कोणत्या शाळेस किती पदें मिळावयाचीं तें पटावरील मुलांच्या संख्येवरून ठरतें. ह्यालाच संचमान्यता म्हणतात. मुलें गेलीं कीं पट उतरतो. पट उतरला कीं पद जातें. पद गेलें कीं एका शिक्षकाकडे दोन वर्ग येतात. आणि मग जें पारावर बोललें गेलें होतें तें खरें होऊन बसतें. शिवाय पहिल्यानें निघून जातात तीं कोणाचीं मुलें? ज्यांचे बाप वाचूं जाणतात, गुरुजींस प्रश्न विचारूं धजतात, त्यांचीं. मागें राहतात तीं, ज्यांच्यासाठीं विचारणारा कोणी नाहीं अशांचीं.

येथें आम्हांस स्वतःविषयीं एक गोष्ट सांगितली पाहिजे. आम्हीं आमच्या थोरल्या मुलास पांचवीनंतर ह्या शाळेंतून काढून शहरांत ठेविलें. कारण विचारणाऱ्या प्रत्येकास आम्ही सांगत असूं, "इथं काही शिकवत नाहीत." हें वाक्य आम्ही किती दारांत बोललों ह्याचा हिशेब नाहीं. आमच्यासारखा शिकलेला मनुष्य बोलतो म्हणून लोकांनीं तें खरें मानिलें. आणि तोंवर आम्हीं एकाही वर्गांत पाऊल टाकिलें नव्हतें. दोन वर्षांनीं धाकट्या मुलीच्या निमित्तानें पालकांच्या सभेस गेलों. तेव्हां एक बाई सहावी व सातवी हे दोन्ही वर्ग एकाच खोलींत घेत असलेल्या पाहिल्या. फळ्याच्या मधोमध खडूनें उभी रेघ ओढिली होती; एका बाजूस भूगोल, दुसऱ्या बाजूस गणित. असें कां, म्हणून आम्हीं विचारिलें. त्या म्हणाल्या, "मुलं गेली, म्हणून एक पद गेलं." कोणाचीं मुलें, हें त्यांनीं सांगितलें नाहीं. सांगण्याची गरजही नव्हती.

कोणी म्हणेल, "तर मग गांवच्या शाळेसाठीं बापानें आपल्या लेकराचें नुकसान करावें काय?" प्रश्न रास्त आहे, आणि त्याचें उत्तर आम्ही "होय" असें देत नाहीं. मुलाचें वर्ष गेलें तें परत येत नाहीं. अपूर्णांक न शिकलेल्या मुलास गांवाच्या हिताची गोष्ट सांगून काय उपयोग? शेतकऱ्यानें मुलास दुसरीकडे नेलें ह्यांत त्याचा दोष आम्हांस दिसत नाहीं. आमचा मुलगा शहरांत गेला ह्याचाही आम्हांस पश्चात्ताप होत नाहीं. पश्चात्ताप होतो तो त्या वाक्याचा. मुलास नेणें हा आमचा अधिकार होता. न पाहिलेल्या गोष्टीची साक्ष देणें हा नव्हता. शिवाय नेण्यापूर्वीं एकदां आंत जाऊन उणें काय आहे तें विचारणें हें आमचें ऋण होतें, तें आम्हीं फेडिलें नाहीं.

निंदेविषयीं इतकें बोललों. आतां स्तुतीविषयींही बोललें पाहिजे, कारण न पाहतां केलेली स्तुति हीही खोटी साक्षच होय. आजोबांचा आदर गोड आहे, परंतु त्या आदराच्या आड एखादा मुलगा वाचतां येत नसतां सातवी उतरून जातो. ऊसतोडणीच्या बाईची कृतज्ञता खरी आहे, परंतु खिचडी मिळते म्हणून वाचन मागूं नये असें कोणीं सांगितलें? तिच्या मुलीसही अपूर्णांकांचा तितकाच हक्क आहे. सन 1882 मध्यें जोतीराव फुले ह्यांनीं हंटर आयोगापुढें सामान्य रयतेच्या प्राथमिक शिक्षणाची हेळसांड होत असल्याची तक्रार मांडिली. 1911 सालीं गोपाळ कृष्ण गोखले ह्यांनीं सक्तीच्या शिक्षणाचें विधेयक आणिलें, तें पुढल्या वर्षीं नामंजूर झालें. इतक्या मागण्यांनंतर जें मिळालें तें भीक म्हणून घेऊं नये. हक्क म्हणून घ्यावें, आणि हक्काप्रमाणें त्याची चौकशीही करावी.

ती कशी करावी? प्रथम घरीं. दुसरीचें वाचनपुस्तक आपल्या सहावी-सातवींतल्या मुलाच्या हातीं देऊन एक पान मोठ्यानें वाचावयास सांगावें, आणि एक साधा भागाकार घालावा. आईबापांस स्वतः वाचतां येत नसेल तर शेजारच्या शिकलेल्या मुलीस जवळ बसवावें. मग शाळेंत जावें. गुरुजी वर्गावर नसतील तर ते कोठें आहेत तें विचारावें. जनगणना, निवडणूक व आपत्तीचें काम कायद्यानेंच त्यांजकडे दिलेलें आहे, तेव्हां प्रत्येक रिकामी खुर्ची आळसाची नसते. आणि जें उणें दिसेल तें पारावर नव्हे, शाळा व्यवस्थापन समितीपुढें मांडावें. ह्या समितींत तीन चतुर्थांश सभासद पालक असावेत व एकंदरींत निम्म्या स्त्रिया असाव्यात असा कायदा आहे. शाळेच्या कामावर लक्ष ठेवणें, अनुदानाचा खर्च पाहणें, शाळेच्या विकासाचा आराखडा करणें हें तिचें काम आहे. पुष्कळ गांवीं हे पालक केवळ सहीपुरते असतात. ही चूक सरकारची नव्हे, आमची आहे.

आणि शेवटीं बोलण्याविषयीं. कोणीं विचारिलें, "शाळा कशी आहे?" तर "चांगली" किंवा "वाईट" असें न म्हणतां, आपण कोणता वर्ग पाहिला, कधीं पाहिला, आणि काय पाहिलें, तेवढेंच सांगावें. इतकें केलें तर तिघांच्या तीन साक्षी एकमेकींस मारक न होतां जोडून एक पूर्ण साक्ष होईल.

कारण आपण बोलून घरीं जातों. परंतु दिवाळीनंतर जिची आई फडावर गेली आहे, ती मुलगी दुसऱ्या दिवशीं त्याच शाळेंत जाऊन बसते. फळ्यावरच्या रेघेच्या ज्या बाजूस तिचा वर्ग असेल, तेवढाच फळा तिच्या वांट्यास येतो.