फोटोत कोण नाही?



आज एक अगदी घरगुती गोष्ट सांगतो. वाचून झाल्यावर आपापल्या घराकडे एकदा नजर टाकावी, एवढीच विनंती.

आमच्या दांडिया बाजारातल्या घरी बाहेरच्या खोलीत कॉम्प्युटर आहे. मागच्या दिवाळीच्या सुट्टीत मुलाने त्यावर आमच्या सगळ्या प्रवासांचे फोटो लावून दिले. कॉम्प्युटर पाच मिनिटं कुणी वापरला नाही की पडद्यावर आपोआप फोटो सुरू होतात. काशीचा घाट, श्रीनगरचा शिकारा, कन्याकुमारीचा सूर्योदय, ओंकारेश्वरचा पूल. एक जातो, दुसरा येतो. साडेतीन हजारांवर फोटो आहेत. आम्हाला फार कौतुक वाटलं. कुणी आलं की आम्ही मुद्दामच माऊसला हात लावायचो नाही!

एका गुरुवारी आमच्याकडे भजन होतं. मंडळी जमत होती, तेवढ्यात पडद्यावर फोटो सुरू झाले. "अय्या, किती फिरलात हो तुम्ही!" असं चाललेलं. शेजारची पाच वर्षांची मुलगी मात्र बराच वेळ टक लावून बघत होती. तिने विचारलं, "मोठ्या काकू कुठेच का नाहीत?"

कुणीतरी पटकन म्हणालं, "अगं, मग फोटो कोण काढणार?" सगळे हसले. आमच्या मोठ्या वहिनी हसल्या नाहीत. चहाचा ट्रे ठेवून त्या आत गेल्या.

खरं हे होतं की फोटो काढायलाही त्या आमच्याबरोबर नव्हत्या. आई पडल्या, खुब्याचं हाड मोडलं आणि त्या अंथरुणाला खिळल्या, त्याला नऊ वर्षं झाली. या नऊ वर्षांत आम्ही सहा मोठे प्रवास केले. सहाही वेळा वहिनी घरी होत्या. आमचे दादा, म्हणजे त्यांचे यजमान, बहुतेक फोटोंत आहेत. त्या रात्री आम्ही दोघांनी मुद्दाम बसून सगळे फोटो पाहिले. ती लहान मुलगी बरोबर होती.

आता कुणी म्हणेल, त्यात काय एवढं? घरात कुणीतरी थांबावंच लागतं. वहिनींनी कधी तक्रारही केली नाही. आम्हीही हेच म्हणत होतो. आणखी एक वाक्य आम्ही नेहमी म्हणायचो : "वहिनी, तुमचं तीर्थ घरातच आहे. आईंची सेवा हीच तुमची काशी." वाक्य खोटं नाही. पण ते कोण कुणाला म्हणतंय, हे बघायला नको का? जो सेवा करतो त्याने ते म्हटलं तर तो त्याचा भाव. जो बॅग भरून निघालाय त्याने मागे राहणाऱ्याला ते ऐकवलं, तर ती आपली सोय आहे. सोयीला आपण किती सहज सेवेचं नाव देतो! तेही दुसऱ्याच्या सेवेचं.

मुलाने त्या दिवशी एक माहिती सांगितली. हा स्क्रीन सेव्हर मुळात शोभेसाठी नव्हताच. जुन्या काचेच्या जाड मॉनिटरवर एकच चित्र फार वेळ स्थिर राहिलं, तर त्याचा डाग पडद्यावर कायमचा उमटायचा. मग चित्र बदललं तरी मागे ते जुनं पुसट दिसतच राहायचं. तसं होऊ नये म्हणून चित्र हलतं ठेवायचं. आजच्या बहुतेक पडद्यांना त्याची गरज उरलेली नाही.

आमच्या मनाला मात्र ती गरज होती. "वहिनी घरी असतात" हे एकच चित्र नऊ वर्षं आमच्या मनात तसंच राहिलं आणि त्याचा डाग पडला. सहलीचं ठरवताना त्यांना विचारावं, हेही आम्हाला सुचत नव्हतं.

आपण बडोदेकर. आपल्या सयाजीराव महाराजांनी केवढा प्रवास केला! 1887 साली ते पहिल्यांदा युरोपला गेले आणि पुढे अनेकदा परदेशी गेले. अमेरिकेत त्यांनी सर्वांसाठी खुली ग्रंथालयं पाहिली. 1910 साली त्यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना बडोद्यात बोलावलं आणि संस्थानभर ग्रंथालयांचं जाळं उभं करायला घेतलं. राजवाड्यातली सुमारे वीस हजार पुस्तकं महाराजांनी लोकांसाठी दिली. पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडी फिरायच्या. त्याच ग्रंथालय खात्यात चित्रं दाखवणारी वेगळी शाखा होती. जादूचा कंदील आणि सिनेमाचं यंत्र घेऊन माणसं गावोगाव जायची. ज्यांना वाचता येत नव्हतं, त्यांनाही पडद्यावर चित्रं बघायला मिळायची.

म्हणजे चित्रांचा खेळ तोही होता आणि आमच्या बाहेरच्या खोलीतलाही आहे. तो खेळ ज्यांना जाता येत नाही त्यांच्यासाठी होता. आमचा कुणासाठी होता? आलेल्या पाहुण्यांनी "किती फिरलात" म्हणावं यासाठी. पडदाही आम्ही दाराकडे तोंड करून ठेवला होता.

मग काय, फोटो काढून टाकायचे? वहिनींचा एखादा स्वयंपाकघरातला फोटो मध्ये घालायचा? आम्ही तेही सुचवलं. वहिनी शांतपणे म्हणाल्या, "माझा फोटो नको. मला एकदा समुद्र बघायचाय."

नऊ वर्षांत त्यांनी मागितलेली ही पहिली गोष्ट. खरं तर नऊ वर्षांत आम्ही पहिल्यांदाच विचारलं होतं.

फेब्रुवारीत वहिनी त्यांच्या बहिणीबरोबर सोमनाथ-द्वारकेला गेल्या. पाच दिवस आईंचं सगळं आम्ही दोघांनी केलं. दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. आई औषध फक्त पितळेच्या छोट्या वाटीतून घेतात, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. पहाटे चारला त्यांना जाग येते आणि कुणीतरी जवळ बसलेलं लागतं, हेही नाही. एकाच घरात राहत होतो! तिसऱ्या रात्री आमच्या कंबरेने हात टेकले, तेव्हा कळलं की आमच्या साडेतीन हजार फोटोंची किंमत कोण भरत होतं.

वहिनींनी सगळे मिळून अकरा फोटो काढले. बहुतेक समुद्राचेच. एकात नुसत्या त्यांच्या चपला आहेत, ओल्या वाळूत काढून ठेवलेल्या. स्वतःचा एकही नाही.

तेव्हा सुट्टीचे बेत ठरवताना एक पाळूया. "कुठे जायचं?" याच्या आधी "मागे कोण राहणार आणि मागच्या वेळी कोण राहिलं होतं?" हे विचारूया. पाळी लावूया. पाच दिवस जमत नसतील तर एक दिवस, पण लावूया. ज्याने घर सांभाळलं त्याला परत आल्यावर नुसता पेढ्यांचा डबा देऊन चालणार नाही.

आता आमचा कॉम्प्युटर आतल्या खोलीत आहे, आईंच्या खाटेसमोर. ते अकरा फोटोही त्यात आहेत. लाटा आल्या की आई दर वेळी विचारतात, "हा कुठला गं समुद्र?" आणि वहिनी दर वेळी नव्याने सांगतात. काल त्या सांगत असताना दादा दारात उभे राहून ऐकत होते. त्यांनी तो समुद्र पाहिलेला नाही.

जय गुरुदेव! 🙏