चहातली साखर कोण लिहिणार?

बसा खाली. आज वह्या उघडायच्या नाहीत, फक्त ऐकायचं. उपकेंद्राच्या पोस्टिंगमध्ये तुम्ही भरून आणलेले आहाराचे फॉर्म मी काल एकेक करून वाचले. जवळजवळ प्रत्येक गरोदर बाईच्या चोवीस तासांच्या खाण्यात ‘चहा, ४ वेळा’ असं लिहिलंय. चहात साखर किती, हे मात्र एकीनेही विचारलेलं नाही. एकीनेही! कपाला दोन चमचे आणि चमचाभर म्हणजे पाच ग्रॅम धरा, म्हणजे चार कपांत चाळीस ग्रॅम साखर झाली. सोबतची बिस्किटं वेगळीच. ही सगळी साखर तुमच्या फॉर्मवरून गायब आहे आणि खाली शेरा आहे, ‘आहार समाधानकारक’. तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनींनी हा शेरा मारावा?

त्यावर उत्तर काय मिळालं, तर ‘मॅडम, त्यांचा शुगरचा रिपोर्ट नॉर्मल होता.’ पंचाहत्तर ग्रॅम ग्लुकोज पाजल्यावर दोन तासांनी साखर १४०च्या आत आली, म्हणजे गरोदरपणातला मधुमेह नाही, एवढंच त्यातून कळतं. १३८ आणि ९८ सारखेच, असं कुणी शिकवलं तुम्हाला? मी नक्कीच नाही. ‘हापो’ हा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. नऊ देशांतल्या २३ हजारांहून जास्त गरोदर स्त्रिया त्यात होत्या, आणि ‘याच्या खाली सगळं ठीक’ अशी रेघ त्यात कुठेच सापडली नाही. मधुमेह न ठरलेल्या स्त्रियांमध्येही रक्तातली साखर जशी चढत गेली, तसं बाळाचं वजन आणि बाळाच्या अंगातलं इन्सुलिन चढत गेलं.

का चढतं, हे पहिल्या वर्षी शिकवलं होतं. आईच्या रक्तातलं ग्लुकोज वारेतून बाळाकडे जातं, आईचं इन्सुलिन जात नाही. मग त्या एवढ्याशा स्वादुपिंडाला आपलं इन्सुलिन आपणच वाढवावं लागतं, आणि वाढलेलं इन्सुलिन चरबी साठवतं. डेन्मार्कच्या पेडरसन यांनी हे सांगून सत्तरेक वर्षं झाली. आणि अशा बाळाला पुढे मधुमेह झाला, तर ‘आनुवंशिक असतं हो’ म्हणून हात झटकू नका. अमेरिकेतल्या ॲरिझोनात पिमा लोकांमधली सख्खी भावंडं तपासली गेली. आईला मधुमेह झाल्यानंतर जन्मलेल्या मुलांना, त्याआधी जन्मलेल्या भावंडांपेक्षा मधुमेहाचा धोका बराच जास्त निघाला. आईबाप तेच, घर तेच, गर्भाशयातली साखर वेगळी.

आता सगळ्यात गंभीर गोष्ट. तुमच्यातली एक जण एका गरोदर बाईला भर ओपीडीत म्हणाली, ‘तुमच्या जिभेमुळे बाळाला मधुमेह होईल.’ कोण म्हणालं, ते मला माहीत आहे. नाव घेत नाही, पण हे वाक्य पुन्हा कानावर आलं तर पोस्टिंगवरून परत बोलावीन. त्या घरात चहा कोण करतं? साखरेचा डबा कुणाच्या हाताशी असतो? ‘दोन जिवांची आहेस, खा’ म्हणत ताटात शिरा कोण वाढतं? हे न विचारता तुम्ही सगळं पाप त्या एकटीच्या पदरात टाकून मोकळ्या झालात.

साखर एकट्या बाईच्या हातात नसते, हे कळायला ब्रिटनचं उदाहरण नीट समजून घ्या. युद्धामुळे १९४०पासून तिथे साखर रेशनवर होती, ती सप्टेंबर १९५३मध्ये खुली झाली. रेशनच्या काळात मोठ्या माणसाच्या पोटात दिवसाला सुमारे ४१ ग्रॅम साखर जायची. रेशन उठल्यावर बघता बघता ती जवळपास दुप्पट झाली. त्या तारखेच्या अलीकडे-पलीकडे जन्मलेल्या साठ हजार लोकांच्या आरोग्याच्या नोंदी संशोधकांनी ताडून पाहिल्या आणि २०२४मध्ये ‘सायन्स’मध्ये छापल्या. पोटात असल्यापासून पहिले हजार दिवस ज्यांना रेशनचे लाभले, त्यांच्यात टाइप २ मधुमेहाचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि उच्च रक्तदाबाचा सुमारे २० टक्क्यांनी कमी निघाला. ज्यांना मधुमेह झाला, त्यांनाही तो सुमारे चार वर्षं उशिरा झाला. यातला साधारण एक तृतीयांश फायदा नुसत्या गर्भातल्या महिन्यांचा होता.

त्या बायका काही जिभेवर ताबा ठेवणाऱ्या तपस्विनी नव्हत्या. दुकानातच साखर मोजून मिळत होती आणि सगळं घर तेवढ्यावर भागवत होतं. म्हणून बोलायचं ते घराशी. सासूबाईंना आत बोलवा, नवऱ्याला बोलवा. ‘सगळ्यांच्याच चहात अर्धा चमचा’ असं ठरवून घ्या. आणि हेही ऐका, रेशनमधल्या माणसाची दिवसभराची साखर तुमच्या पेशंटच्या चार कप चहातच संपली आहे.

गूळ सुचवणाऱ्यांनी उभं राहा. गूळ म्हणजे बहुतांशी साखरच. लोहासाठी आपण रोज ६० मिलिग्रॅमची गोळी देतो, तिची जागा गुळाचा खडा घेऊ शकत नाही. ‘बाळ बारीक आहे, म्हणून गोड खायला सांगितलं’ असंही एका फॉर्मवर आहे. ते वाचून मला खरोखर वाईट वाटलं, कारण याचं उत्तर आपल्या पुण्याजवळच्या खेड्यांत मिळालेलं आहे. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या गटाने १९९३पासून तिथल्या मातांचा आणि बाळांचा मागोवा घेतला. बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडच्या साडेतीन किलोच्या बाळांपुढे अगदी किरकोळ. पण हाडामांसाच्या मानाने त्वचेखालची चरबी मात्र राखून असलेली. आणि कोणाची बाळं वजनाने बरी भरली? हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध जास्त वेळा खाणाऱ्या आयांची. नुसत्या जास्त कॅलरी पोटात गेल्या म्हणून बाळ वाढलं, असं तिथे दिसलं नाही. मेथी, चवळईचा पाला, पेरू हे काही महाग नाही, आणि तुमच्या एकाही सल्ल्यात ते नाही.

सगळे फॉर्म परत घेऊन जा. मंगळवारच्या तपासणीला प्रत्येकीला पुन्हा भेटा आणि चमचे मोजून लिहा: चहाचे, बिस्किटांचे, सरबताचे, महिन्याला घरात किती किलो साखर येते आणि खाणारी तोंडं किती. ज्यांचं बाळ सहा महिन्यांचं झालं आहे, त्यांना वरच्या अन्नात साखर-गूळ घालू नका म्हणून सांगा. ते ऐकून आजी काय म्हणाल्या, तेही त्यांच्याच शब्दांत लिहून आणा.