समुद्रयात्रा आणि पाहुण्याचा धर्म

पुणे-नगर रस्त्यावरील आमच्या शिक्रापुराहून पश्चिमेचा समुद्र गाठावयाचा तर मधे सह्याद्री आडवा येतो, आणि पूर्वेचा समुद्र आमच्या वेळ नदीच्या पाण्याला भेटतो तो भीमेतून कृष्णेत जाऊन, अर्धा दक्षिण मुलूख तुडविल्यानंतर. त्यामुळे समुद्र ही वस्तू आमच्या वाडवडिलांनी पोथीपुराणांत पुष्कळ ऐकली, पण डोळ्यांनी क्वचितच पाहिली. आता काळ पालटला आहे. चासकमानच्या कालव्याने आमच्या कोरडवाहू शिरूर तालुक्यात बागायत आणली, रांजणगाव-सणसवाडीच्या कारखान्यांनी दरमहाचा रोख पगार आणला, आणि ज्यांच्या आजोबांची मजल आळंदी-पंढरपुरापलीकडे फारशी गेली नव्हती ती मंडळी आज कोचीहून लक्षद्वीपला किंवा अंदमानच्या बेटांना जहाजाने सहज जाऊन येतात. अशा वेळी घरातील एखादी वृद्ध बाई विचारते, की ही यात्रा म्हणावयाची की नुसती सहल, आणि परत आल्यावर मावंदे, म्हणजे यात्रेच्या सांगतेचे जेवण, घालावयाचे की नाही. काशीयात्रेहून आलेल्या माणसाने मावंदे घालावे हा रिवाज तिला ठाऊक असतो. बेटांवरून आलेल्याने काय करावे हे तिला कोणी सांगितलेले नसते. हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. माणूस घराबाहेर पडून दुसऱ्याच्या भूमीवर उतरतो तेव्हा त्याच्या पुण्यापुण्याचा हिशेब कोणत्या गोष्टीवरून करावा, हा धर्मविचारातील एक मूलभूत प्रश्न तिच्या तोंडून साध्या शब्दांत बाहेर पडलेला असतो.

आमच्या धर्मशास्त्राने या प्रश्नाचे एक उत्तर देऊन ठेवले होते. बौधायनाने पातित्य आणणाऱ्या कर्मांच्या यादीत समुद्रप्रवासाला अगदी प्रथम स्थान दिले आणि त्याच्या निष्कृतीसाठी तीन वर्षांचे कडक व्रत सांगितले. आणि तोच बौधायन दुसऱ्या ठिकाणी समुद्रप्रवास हा उत्तरेकडील लोकांचा विशेष आचार म्हणून नोंदवितो, म्हणजे ज्याचा निषेध केला ते लोक राजरोस करीत होते याची साक्षही तोच देतो. मनुस्मृतीत समुद्रावर जाणारा ब्राह्मण श्राद्धाच्या पंक्तीला वर्ज्य ठरतो. पण जलमार्गाने माल नेणाऱ्याकडून व्याज किती घ्यावे हा व्यवहाराचा मुद्दा निघाला, की समुद्रयानात कुशल असलेल्यांचेच मत प्रमाण मानावे असे तीच स्मृती सांगते. पुढे कलियुगात वर्ज्य मानलेल्या आचारांच्या, म्हणजे कलिवर्ज्यांच्या, प्रकरणात निर्बंध आणखी आवळला गेला, आणि समुद्रावर जाऊन आलेल्या द्विजाने प्रायश्चित्त घेतले तरीही त्याला व्यवहारात परत घेऊ नये, येथवर मजल गेली. भारतरत्न पांडुरंग वामन काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासात या साऱ्या वचनांचा जो साक्षेपी परामर्श घेतला आहे, तो वाचल्यावर एवढे निश्चित कळते, की समुद्रबंदी ही सनातन काळापासून एकाच स्वरूपात चालत आलेली आज्ञा नसून काळाच्या ओघात घट्ट होत गेलेली गाठ होती.

या गाठीचे वैचित्र्य महाराष्ट्राच्या इतिहासात जसे दिसते तसे अन्यत्र क्वचितच दिसेल. कलिवर्ज्यांचा ऊहापोह करणारा ‘निर्णयसिंधु’ कमलाकरभट्टांनी 1612 मध्ये पूर्ण केला. हे भट्ट घराणे मूळचे पैठणचे आणि काशीत स्थायिक झालेले. त्याच घराण्यातील, कमलाकरांचे पुतणे गागाभट्ट यांनी 1674 मध्ये रायगडावर शिवछत्रपतींना राज्याभिषेक केला. आणि हे छत्रपती तर त्यापूर्वी नऊ वर्षे, 1665 च्या फेब्रुवारीत, मालवणहून पंचाऐंशी लहान गलबते आणि तीन मोठी जहाजे घेऊन स्वतः समुद्रमार्गे कर्नाटकाच्या किनाऱ्यावरील बसरूरला जाऊन आले होते! बसरूरची लूट आणि परतीच्या वाटेवर महाशिवरात्रीला गोकर्णाचे तीर्थस्नान, या दोन्ही गोष्टी त्या एकाच सफरीत घडल्या. समुद्राने त्या लुटीला पवित्र केले नाही की त्या स्नानाला विटाळले नाही. जे काही बरेवाईट होते ते सर्वस्वी माणसांच्या कृतीत होते.

निर्बंधाची झीज त्यानंतरही अशीच होत गेली. राघोबादादांनी इंग्लंडला पाठविलेले वकील हनमंतराव 1781 मध्ये लंडनला पोचले. एडमंड बर्क यांनी त्यांच्या आचाराला बाध येऊ नये अशी तजवीज करून दिली, तरी परत आल्यावर शुद्धीचे संस्कार त्यांना चुकले नाहीत. 1883 मध्ये आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून अमेरिकेला निघाल्या, तेव्हा सिरामपूरच्या सभेत त्यांनी आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ असे स्पष्ट सांगितले, आणि त्या बोलास जागल्या. लोकमान्यांना 1908 मध्ये सरकारनेच समुद्रापार मंडालेच्या तुरुंगात नेऊन ठेवले, आणि ज्या भूमीवर पाऊल ठेवल्याने पातित्य यावे तेथेच ‘गीतारहस्य’ लिहिले गेले. सावरकरांनी हिंदू समाजाच्या पायांतील ज्या सात स्वदेशी बेड्या मोजल्या, त्यांत सिंधुबंदी ही एक होती. आणि आज अंदमानच्या ज्या कोठडीत त्यांनी काळ्या पाण्याची शिक्षा भोगली तिच्यापुढे मराठी माणूस पादत्राणे काढून हात जोडतो. बंदी तर गेलीच, पण जी जागा भयाची होती तीच तीर्थाची झाली.

तथापि येथे थांबून पूर्वजांना केवळ भित्रे आणि संकुचित म्हणणे मला न्याय्य वाटत नाही. त्यांच्या निर्बंधातील अन्याय उघड आहे: ज्या जहाजांवर व्यापाऱ्यांची संपत्ती चालली ती हाकणारे कोळी, भंडारी, गाबीत, दालदी हे नाखवे आणि खलाशी रोज समुद्रावरच होते, आणि त्यांच्या घामावर किनाऱ्यावरील शुचिर्भूतांची पंक्ती सुखाने जेवत होती. समुद्र स्वरूपतः अपवित्र, असे म्हणण्यालाही शास्त्रात आधार नाही. पर्वकाळी समुद्रस्नान पुण्यप्रद मानले आहे, नारळी पौर्णिमेला त्याचे पूजन होते, आणि ज्या वेळ नदीच्या घाटावर आम्ही गणपती विसर्जन करतो तिचेच पाणी शेवटी त्याला मिळते. पण अन्यायी निर्बंधाच्या मुळाशीही कधी कधी खरी भीती असते. ती भीती अशी, की ज्या ठिकाणी आपल्याला कोणी ओळखत नाही, जेथे आपल्या शब्दाला कोणी जामीन नाही आणि उद्या आपण तेथे असणार नाही, तेथे माणूस आपली मर्यादा सोडतो. गावात माणसावर चार डोळे असतात. दर्यापलीकडे कोणाचाच डोळा नसतो. शास्त्रकारांनी दोष खाऱ्या पाण्याला लावला ही त्यांची चूक झाली. परंतु परमुलखात मोकळा सुटलेला माणूस हा धर्मदृष्ट्या संकटात असतो, हे त्यांचे निदान चुकीचे नव्हते. निर्बंध गेल्यावर ही जागा रिकामी राहिली आहे, आणि ती कशाने भरावयाची हाच आपल्यापुढचा खरा प्रश्न आहे.

माझ्या मते तिचे उत्तर आमच्याच शास्त्रात, पण समुद्राच्या प्रकरणात नव्हे तर अतिथीच्या प्रकरणात सापडते. आपण अतिथिधर्म म्हणतो तेव्हा यजमानाचा धर्म एवढेच समजतो. पाहुण्याचाही काही धर्म आहे हे आपण विसरून गेलो आहोत. मनूने एक रात्र राहणारा तो अतिथी अशी मर्यादा घातली. जो गृहस्थ पराव्या अन्नाच्या लालसेने घरोघर पाहुणा होऊन हिंडतो तो मेल्यावर त्या अन्नदात्यांच्या दावणीचे जनावर होतो, आणि जेवणासाठी जो आपल्या कुळाचा व गोत्राचा डांगोरा पिटतो तो निंद्य, असे त्याने बजावले. त्याचा अतिथी ब्राह्मण आहे, ही त्या काळाची मर्यादा. ती ओलांडून पाहिले, तर थोडा काळ राहा, थोडके घ्या आणि मोठेपणा सांगून मागू नका, ही आजच्या कोणत्याही प्रवाशाला पुरेल अशी आचारसंहिता त्यात आहे.

हा धर्म पोथीतच राहिला असे मात्र नाही. आमच्या शेजारच्या दौंड तालुक्यात तुकोबारायांच्या पालखीचा मुक्काम यवतला पडतो. त्या दिवशी भैरवनाथाच्या देवळात मोठमोठ्या कढयांतून पिठले शिजते, आणि गावातील घराघरांतून भाकऱ्यांच्या चवडी फडक्यात बांधून येतात. कोणाची भाकरी जाड, कोणाची पातळ, कोणाची कडेने करपलेली. घेणारा निवड करीत नाही. दोन हात पुढे होतात, भाकरीवर पिठल्याचा गोळा पडतो, वारकरी ती आधी कपाळाला लावतो आणि मग खाली बसून खातो. वाढणाऱ्याला तो ‘माउली’ म्हणतो आणि वाढणाराही त्याला ‘माउली’ म्हणतो. दुसऱ्या दिवशी पहाटे पालखी वरवंडाकडे निघते. चालणाऱ्या मनुष्याने थांबलेल्या मनुष्यापुढे कसे नम्र व्हावे, याचे याहून चांगले शिक्षण मला कोठे दिसले नाही. वारीचे पुण्य पंढरपुरात मिळते ही श्रद्धा खरी असेल. पण ते यवतच्या पंक्तीत मिळू लागते, हे डोळ्यांना दिसते.

आता हीच कसोटी बेटांच्या सफरीला लावून पाहू. लक्षद्वीपच्या सफरीचा एक प्रसिद्ध क्रम असा, की जहाज रात्री चालते आणि दिवसा कवरत्ती, कल्पेनी, मिनिकॉय अशा एकेका बेटापाशी थांबते. पोवळ्यांच्या कड्यामुळे ते आतल्या उथळ पाण्यात जाऊ शकत नाही, म्हणून बाहेरच नांगर टाकते, आणि प्रवासी लहान होड्यांतून किनाऱ्यावर उतरतात. सायंकाळी ते पुन्हा जहाजावर परततात. म्हणजे मनूच्या अतिथीला एक रात्र तरी मिळत होती, आजच्या या प्रवाशाला ती देखील नाही. येथे उतरण्यास परवाना लागतो, आणि तो लागावा हे मला योग्य वाटते. उंबरठ्यावर उभे राहून विचारल्यावाचून आत जाऊ नये, या घरगुती सभ्यतेचेच ते सरकारी रूप आहे. यजमान बहुतांशी मुसलमान, मिनिकॉयला तर भाषाही वेगळी, महल नावाची. त्यांच्या अंगणात बसून शहाळ्याचे पाणी पिताना विटाळाची जुनी कल्पना आपोआप गळून पडते, आणि तिच्या जागी कृतज्ञता आली तर तो या प्रवासाचा मोठा लाभ म्हणावा लागेल.

परंतु खरी परीक्षा पाण्याची आहे. या द्वीपसमूहाची सारी जमीन मिळून अवघी 32 चौरस किलोमीटर. वस्तीची बेटे दहा. नदी एकही नाही. पावसाचे जे पाणी पोवळ्यांच्या वाळूत मुरते ते खाली शिरलेल्या समुद्राच्या जड खाऱ्या पाण्यावर पातळ थराने तरंगत राहते, आणि बेटावरील विहिरी म्हणजे या थराला लावलेली तोंडे होत. उपसा प्रमाणाबाहेर झाला की खालचे खारे पाणी वर चढते आणि विहीर मचूळ होते. कवरत्तीला 2005 पासून समुद्राच्या वरच्या उष्ण व खोलवरच्या थंड पाण्यातील तापमानाच्या फरकावर चालणारा, दिवसाला एक लाख लिटर गोडे पाणी देणारा प्रकल्प उभा आहे, तो यासाठीच. शिरूर तालुक्यातील ज्या माणसाने वैशाखात टँकरची वाट पाहिली आहे आणि हंड्याचा शेवटचा तांब्या कोणाला द्यावयाचा याचा विचार केला आहे, त्याला हे समजावून सांगण्याची गरज पडू नये. समुद्रात डुंबून आल्यावर अंगाचे मीठ उतरेपर्यंत गोड्या पाण्याचा नळ सोडून उभा राहणारा प्रवासी यजमानाच्या हंड्यात हात घालतो. आणि आठवण म्हणून पोवळ्याचा तुकडा खिशात टाकणारा तर कायद्याचाही अपराधी होतो. समुद्र ओलांडल्याने जे पातक लागले नाही ते येथे लागते.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराचे जे प्रकरण आहे, त्यात हाच विचार राजनीतीच्या भाषेत आला आहे. आंबा-फणसाचे लाकूड जहाजबांधणीस उपयोगी खरे. पण ती झाडे रयतेने वर्षानुवर्षे पोटच्या पोरांसारखी जतन केलेली, म्हणून ती बळजबरीने तोडू नयेत. एखादे झाड जीर्ण झालेच असेल तर धन्याला राजी करून, द्रव्य देऊन, त्याच्या संतोषाने घ्यावे, असा त्याचा आशय आहे. गलबत पाण्यावर उतरण्यापूर्वीच त्याचा धर्म आणि अधर्म किनाऱ्यावरच्या परसात ठरून जातो, इतका सूक्ष्म विचार अठराव्या शतकाच्या आरंभी एका मराठी मुत्सद्द्याने केला, याचा मला अभिमान वाटतो.

यावर कोणी म्हणेल, की मग आनंदासाठी प्रवास करूच नये काय? मी तसे म्हणत नाही. चोहोंकडे क्षितिजापर्यंत पाणी पाहून ज्याचा अहंकार क्षणभर तरी वितळतो त्याला उपनिषदांतील ऋषींनी नद्या व सागर यांच्या दृष्टांताने काय सांगितले ते अर्थासह कळते. आणि आयुष्यभर शेत, घर व मुलांची लग्ने यांत अडकलेल्या दांपत्याने उतारवयात हा आनंद घेतला तर त्यात उणे काहीच नाही. प्रवाशांच्या पैशावर बेटांवरील काही घरांच्या चुली पेटतात हेही खरे. पण पैसा दिला म्हणजे पाहुणेपण संपले आणि मालकी आली, ही जी समजूत आजच्या पर्यटनाच्या मुळाशी आहे, ती मात्र निखालस अधर्माची आहे. भाड्याने खोली मिळते, होडी मिळते. कोणाच्या विहिरीचे गोडेपण भाड्याने मिळत नाही.

म्हणून त्या वृद्ध बाईच्या प्रश्नाला मी असे उत्तर देईन, की यात्रा आणि सहल यांतील भेद स्थळात नाही, वाहनात नाही आणि मूर्तीच्या असण्या-नसण्यातही नाही. जो परवानगीने उतरला, मोजके वापरले, मिळाले ते कपाळाला लावून खाल्ले आणि यजमानाच्या भूमीला जशीच्या तशी ठेवून निघाला, त्याची सफर यात्राच झाली. त्याने खुशाल मावंदे घालावे. ज्याने यांतले काहीच पाळले नाही, तो काशीला जाऊन आला असला तरी त्याच्या खाती प्रवासखर्चाखेरीज काही जमा झाले नाही. पूर्वजांनी समुद्र बंद करून हा धर्म राखण्याचा यत्न केला; आपण समुद्र मोकळा ठेवून तो राखावयाचा आहे, आणि हे काम त्यांच्या कामाहून अधिक कठीण असल्यामुळेच अधिक योग्यतेचे आहे.