बेवारस मृताचा अधिकार

बायबलच्या काळातील यहुदी समाज मृताला फार वेळ घरात ठेवीत नसे. देश उष्ण, शिवाय अनुवाद ग्रंथाचा नियम असा, की देहदंड देऊन झाडावर टांगलेल्या अपराध्याचे शवदेखील रात्रभर तसे राहू देऊ नये, त्याच दिवशी पुरावे. शव धुवून, सुगंधी द्रव्ये लावून, तागाच्या वस्त्रात गुंडाळून ते खडकात खोदलेल्या गुहेत किंवा साध्या मातीत ठेवीत. येशूच्या काळी जेरुसलेमच्या परिसरातील सुस्थितीतील घराण्यांत आणखी एक रीत होती. वर्षभराने हाडे वेचून ती लहान दगडी पेटीत ठेवली जात. मुंबईतील दफनभूमींच्या भिंतींत अस्थींचे कोनाडे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ही रीत परकी वाटणार नाही. १९६८ मध्ये जेरुसलेमच्या उत्तरेस अशी एक पेटी सापडली. तीतील टाचेच्या हाडात खिळा अडकलेला होता. क्रुसावर मारलेल्या त्या माणसाचे नाव, येहोहानान, पेटीवर कोरलेले होते. त्याच्याही अस्थी कोणीतरी आदराने वेचल्या होत्या.

या आदराबरोबरच एक भय नांदत होते. गणना ग्रंथानुसार मृताला स्पर्श करणारा सात दिवस अशुद्ध होई. याजकांवर बंधन अधिक कडक. लेवीय ग्रंथ त्यांना केवळ अगदी जवळच्या रक्ताच्या नातलगांसाठी अशुद्ध होण्याची मोकळीक देतो, आणि महायाजकाला तर जन्मदात्यांच्या शवाजवळही जाऊ देत नाही. मग ज्याला पुरणारे कोणीच नाही, असा मृत याजकाला वाटेत आढळला तर? शुद्धता मोठी की मृताचे ऋण?

यहुदी शास्त्र्यांनी या प्रश्नाला बगल दिली नाही. सन २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना ग्रंथाचा निर्णय स्पष्ट आहे: आईबापांसाठी अशुद्ध न होणाऱ्या महायाजकानेही बेवारस मृतासाठी अशुद्ध व्हावे. महायाजक आणि नाजीर व्रतस्थ एकत्र जात असताना असे शव दिसले, तर दोघांपैकी कोणी पुढे व्हावे, यावर तेथे मतभेद नोंदवलेले आहेत. शव तसेच सोडून जावे, असे मात्र कोणाचेच मत नाही. ही धारणा नंतरच्या काळात उपजली असेही नव्हे. पहिल्या शतकातील इतिहासकार योसेफस कोणाही मृताला न पुरता न सोडणे हे यहुदी नियमशास्त्राच्या सर्वसाधारण कर्तव्यांतच गणतो.

हे ध्यानात घेतले की दयाळू शोमरोनीचा दाखला आपल्याला वेगळा ऐकू येतो. तो याजक अशुद्धतेच्या भीतीने बाजूने निघून गेला, असे प्रवचनांतून पुष्कळदा सांगितले जाते. आम्हां धर्मगुरूंना ते स्पष्टीकरण सोयीचेही वाटते. दोष नियमाच्या माथी जातो. पण वाटेवरचा तो माणूस मेलेला असता तरी, या निर्णयानुसार, त्याला पुरणे हे याजकाचे कर्तव्यच ठरले असते. आणि जिवंत असता तर प्रश्नच नव्हता. शिवाय लूक म्हणतो, तो जेरुसलेमहून खाली उतरत होता. मंदिरातील सेवेकडे निघालेला नव्हता. धर्मशास्त्राने त्याला अडवले नव्हते.

निनवेतील तोबीतची कथा याच्या नेमकी उलट आहे. पन्नासाव्या दिवसाच्या सणाचे जेवण समोर असताना, चौकात आपल्या एका बांधवाचे प्रेत पडल्याचे त्याला कळले. तो ताटावरून उठला आणि सूर्यास्तानंतर खड्डा खणून त्याने ते पुरले. याच कारणासाठी पूर्वी त्याच्या जिवावर बेतले होते, म्हणून शेजारी त्याला हसले. मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायात दयेची सहा कृत्ये आहेत. मृतांना पुरणे हे सातवे ख्रिस्तसभेने तोबीतवरून जोडले.

शुक्रवारच्या त्या दिवसाकडे या दृष्टीने पाहावे. योहान सांगतो, वल्हांडणाचे भोजन करता यावे म्हणून आरोप करणारे पिलाताच्या वाड्यात शिरले नाहीत. ते बाहेरच थांबले. त्याच संध्याकाळी न्यायसभेचा सभासद असलेला अरिमथाईकर योसेफ पिलाताकडे गेला, त्याने शव मागितले आणि क्रुसावरून खाली उतरवले. निकदेम गंधरस व अगरूचे मिश्रण घेऊन आला. आजच्या मापाने ते तीसेक किलो भरेल. शवस्पर्शाने अशुद्ध झालेल्यांना गणना ग्रंथाने एक सवलत दिली आहे: त्यांनी वल्हांडण महिनाभराने पाळावे. त्या दोघांनी पुढे काय केले, हे शुभवर्तमान सांगत नाही. नियम पाळला असेल, तर त्या रात्री सारे जेरुसलेम कोकरू खात असता ते दोघे त्या भोजनाला बसले नसतील.