डायमंडचा पराभव आणि डायमंडची कीर्ती

मैदानी खेळांपैकी प्रशिक्षकाला सर्वांत निष्ठुरपणे वागवणारा खेळ फुटबॉल म्हणावा लागेल, कारण आठवडाभर आखलेली योजना खेळाडूंच्या स्वाधीन केल्यानंतर पंचाची पहिली शिट्टी वाजते, तेव्हाच प्रशिक्षकाचा खेळावरील ताबा जवळजवळ संपलेला असतो. क्रिकेटचा कर्णधार सर्वांदेखत क्षेत्ररचना बदलतो आणि ती चाल फळली की फसली हे दोन-चार षटकांत प्रेक्षकालाही उमगते. फुटबॉलचा प्रशिक्षक मात्र रेषेबाहेरून ओरडतो, मोजके बदली खेळाडू उतरवतो आणि उरलेला वेळ गॅलरीतल्या माणसाइतकाच असहायपणे घालवतो. असे असूनही क्लबच्या चाहत्यांच्या बोलण्यात आघाडीवीराच्या पायांइतकेच, कधी त्याहूनही अधिक, कौतुक प्रशिक्षकाच्या डोक्याचे असते. ज्याच्या सूचना कोणी ऐकलेल्या नाहीत, ज्याचा सराव बहुतेकांनी पाहिलेला नाही आणि ज्याच्या योजनेतील किती भाग प्रत्यक्षात उतरला हे तपासण्याचे साधन कोणाकडे नाही, त्याच्या डावपेचांचे कौतुक करताना चाहते नेमके कशाचे कौतुक करत असतात, हा प्रश्न त्यामुळे वाटतो तितका क्षुल्लक राहत नाही.

डावपेचांचा इतिहास या बाबतीत सुरुवातीपासूनच गोंधळाचा आहे. 1925 साली ऑफसाइडचा नियम सैल झाला, म्हणजे चेंडू पुढे दिला जात असताना तो घेणाऱ्या खेळाडूच्या आणि गोलरेषेच्या दरम्यान प्रतिस्पर्ध्यांचे तीनऐवजी दोनच खेळाडू असले तरी चालू लागले, आणि इंग्लंडमध्ये गोलांचा पूर आला. त्या वर्षी ऑक्टोबरात न्यूकॅसलकडून 7-0 असा मार खाल्ल्यावर आर्सेनल संघाने मधल्या फळीतील मध्यवर्ती खेळाडू मागे ओढून दोन बचावपटूंच्या मध्ये उभा केला, आणि इंग्रजी डब्ल्यू व एम या अक्षरांच्या आकाराची म्हणून ओळखली जाणारी मांडणी त्यातूनच पुढे विकसित झाली. तिचे श्रेय इतिहासाने व्यवस्थापक हर्बर्ट चॅपमन यांना दिले आणि हायबरी मैदानावर त्यांचा अर्धपुतळाही बसला. परंतु मध्यवर्ती खेळाडूला मागे खेचण्याचा आग्रह चार्ली बुकन या खेळाडूने धरला होता, असे त्या काळाची अनेक वर्णने सांगतात. चॅपमन यांचा मोठेपणा यामुळे कमी होत नाही, कारण दुसऱ्याची कल्पना ओळखून ती राबवणे हेदेखील कौशल्यच आहे. मात्र चाहत्यांच्या स्मरणात कल्पनेला एकच धनी असावा लागतो आणि तो बाकावर बसलेला असावा लागतो, एवढे यातून दिसते.

हे सारे स्पष्टपणे पाहायचे असेल तर युरोपात जाण्याची गरज नाही. कोलकाता पुरेसे आहे. 1889 साली स्थापन झालेला मोहन बागान आणि 1920 साली स्थापन झालेला ईस्ट बंगाल यांच्यातील वैर हे पश्चिम बंगालचे मूळ रहिवासी आणि पूर्व बंगालातून आलेली कुटुंबे यांच्यातील चढाओढीचेही रूप असल्याने, तेथे चाहत्याला संघ निवडावा लागत नाही, तो घरातूनच मिळतो. अशा चाहत्याने प्रशिक्षकाकडे बुद्धीचा नव्हे तर निष्ठेचा माणूस म्हणून पाहावे अशी अपेक्षा कोणी केली तर ती चुकीची ठरेल. उलट, भारतात प्रशिक्षकाच्या बुद्धीवर जेवढी चर्चा कोलकात्यात झाली तेवढी क्वचितच अन्यत्र झाली असेल, आणि त्या चर्चेच्या केंद्रस्थानी दोन माणसे होती: अमल दत्त आणि प्रदीपकुमार उर्फ पी. के. बॅनर्जी.

दोघेही आधी खेळाडू होते, पण त्यांच्या वाटा वेगळ्या होत्या. बॅनर्जी 1960 च्या रोम ऑलिंपिकमध्ये भारताचे कर्णधार होते, फ्रान्सविरुद्ध बरोबरी साधणाऱ्या सामन्यात त्यांनी गोल केला होता, आणि 1962 साली जकार्ता येथे आशियाई सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघाचे ते आधारस्तंभ होते. त्या संघाचे प्रशिक्षक हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम हे भारतीय फुटबॉलमधील डावपेचांच्या विचाराचे खरे मूळपुरुष होत. अंतिम सामन्यात कोरियाविरुद्ध जखमी बचावपटू जर्नेलसिंग यांना आघाडीला खेळवण्याचा त्यांचा निर्णय आजही जुने रसिक सांगतात, आणि 2-1 अशा त्या विजयातला एक गोल जर्नेलसिंग यांचा, तर दुसरा बॅनर्जींचा होता. अमल दत्त यांची कीर्ती मात्र खेळाडू म्हणून मर्यादित राहिली. स्वतःच्या खर्चाने इंग्लंडला जाऊन प्रशिक्षणशास्त्र शिकणारा, परदेशी सामन्यांच्या फिल्मी आणून गावोगावी पडद्यावर दाखवणारा, आणि प्रशिक्षण हाच पूर्णवेळ व्यवसाय मानणारा माणूस म्हणून ते ओळखले गेले. विक्षिप्त, फटकळ आणि हट्टी ही विशेषणे त्यांच्या चाहत्यांनीही कधी नाकारली नाहीत.

1997 साली मोहन बागानचे प्रशिक्षकपद दत्तांकडे होते आणि त्यांनी संघाला जी मांडणी शिकवली तिचे नाव डायमंड असे सर्वतोमुखी झाले. मांडणी म्हणजे गोलरक्षक सोडून उरलेल्या दहा खेळाडूंचे मैदानावरील वाटप; डायमंड मांडणीत मधल्या फळीतील चौघे एका ओळीत उभे न राहता शंकरपाळ्याच्या चार टोकांवर असतात, त्यांतला एक बचावफळीच्या पुढे, एक आघाडीच्या मागे आणि दोघे बाजूंना. चेंडू जिथे जाईल तिथे जवळ दोन-तीन सहकारी त्रिकोण करून उभे सापडतात, त्यामुळे छोट्या पासांची साखळी तुटत नाही, हा या मांडणीचा गुण. आणि पुढे धावलेले खेळाडू वेळेवर परतले नाहीत तर बचावफळीच्या दोन्ही अंगांना मोकळे रान पडते, हा तिचा दोष. दत्तांनी गुणावर सारा भर दिला आणि दोष जवळजवळ दुर्लक्षिला, असे म्हणणे अन्यायाचे होणार नाही. त्या वर्षीच्या फेडरेशन चषकात मोहन बागानने उपांत्यपूर्व फेरीत गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सचा 6-0 असा धुव्वा उडवला, तेव्हा ही मांडणी अजिंक्य असल्याची खात्री कोलकात्याच्या अर्ध्या लोकसंख्येला पटली आणि उरलेल्या अर्ध्या लोकसंख्येला तिची धास्ती बसली.

उपांत्य सामना 13 जुलै 1997 रोजी सॉल्ट लेक स्टेडियमवर ईस्ट बंगालशी होता, आणि ईस्ट बंगालच्या बाकावर पी. के. बॅनर्जी होते. त्या दिवशी जमलेल्या सुमारे 1,31,000 प्रेक्षकांचा आकडा भारतातील कोणत्याही खेळाच्या सामन्यासाठी आजही विक्रम मानला जातो. सामन्याआधी दत्तांनी प्रतिस्पर्धी खेळाडूंची नावे विडंबून खिल्ली उडवली होती. बॅनर्जींनी हीच वाक्ये आपल्या खेळाडूंना ऐकवून त्यांना पेटवले, अशी या सामन्याची सर्वपरिचित कथा आहे. ईस्ट बंगालने 4-1 असा विजय मिळवला. नाझिमुल हक यांनी एक आणि वीस वर्षांच्या भाईचुंग भुतिया यांनी तीन गोल केले, तर मोहन बागानचा एकमेव गोल नायजेरियन आघाडीवीर चिमा ओकोरी यांचा होता. पुढे धावलेल्या मोहन बागानच्या मागे पडलेली मोकळी जागा आणि त्या जागेत धावणारा भुतिया, एवढ्यात सामन्याचे सार सांगून संपते.

साधा तर्क असा की ज्या मांडणीचा इतक्या प्रेक्षकांसमोर एवढा फज्जा उडाला तिचे नाव पुन्हा कोणी काढू नये. घडले ते उलटेच. 2016 साली दत्त निवर्तले तेव्हा त्यांच्याविषयी लिहिताना बहुतेकांची लेखणी डायमंडपाशी येऊन थांबली. दत्तांनी कारकिर्दीत अनेक चषक जिंकून दिले होते, परंतु लोकांनी लक्षात ठेवली ती हरलेली कल्पना, आणि ती उपहासाने नव्हे तर आपुलकीने. याचे कारण शोधताना चाहत्यांना फुटबॉल कळत नाही असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण ते खरे नाही.

खरे कारण असे दिसते की, चाहत्याला डावपेचांतून जय मिळतो म्हणून डावपेच आवडत नाहीत. डावपेचांमुळे खेळ वाचता येतो म्हणून ते आवडतात. फुटबॉलचा सामना उघड्या डोळ्यांनी पाहिला तर नव्वद मिनिटांचा बराचसा भाग चुकांचा असतो: पास चुकतात, चेंडू बाहेर जातो, धडका होतात, आणि एखाद-दुसरा गोल योगायोगानेही होतो. या विस्कळीतपणामागे कोणाची तरी योजना आहे, असे एकदा मनात बसले की प्रत्येक धाव कोणत्या तरी हेतूने झालेली वाटू लागते आणि प्रेक्षकाचा वाचक होतो. डायमंड या नावाने कोलकात्याच्या प्रेक्षकाला ही वाचनाची किल्ली दिली. चहाच्या दुकानात, ट्राममध्ये, कार्यालयात बोटाने टेबलावर चार ठिपके काढून सांगता येईल अशी ती कल्पना होती. जी कल्पना रेखाटता येते ती हरली तरी टिकते. जी रेखाटता येत नाही ती जिंकूनही विरून जाते.

या कसोटीचा सर्वांत मोठा बळी ठरले ते खुद्द पी. के. बॅनर्जी. सामन्यापूर्वी खेळाडूंच्या मनाचा ठाव घेणारे त्यांचे भाषण ‘व्होकल टॉनिक’ म्हणून बंगालमध्ये दंतकथा बनले आणि त्यांच्या सर्व यशाचे श्रेय या टॉनिकला देण्याची प्रथाच पडली. वस्तुतः 1969 साली जपानमध्ये जर्मन प्रशिक्षक डेटमार क्रामर यांच्या फिफा प्रशिक्षणवर्गात शिकून आलेले बॅनर्जी डावपेचांत कोणाहून कमी नव्हते. 1975 च्या आयएफए शील्डच्या अंतिम सामन्यात त्यांच्या ईस्ट बंगालने मोहन बागानला 5-0 असे हरवले, आणि दोनच वर्षांनी त्यांनी मोहन बागानला एकाच हंगामात शील्ड, ड्युरँड आणि मुंबईच्या कूपरेज मैदानावर तेव्हा रंगणारा रोव्हर्स चषक जिंकून दिला. दोन कट्टर प्रतिस्पर्ध्यांना आलटून पालटून शिखरावर नेणे निव्वळ भाषणाने साधत नसते. 1997 च्या त्या सामन्यातही मोकळ्या जागेत भुतियाला सोडण्याचा विचार अगोदर कोणी तरी केलेलाच असणार. तरीही लोकांच्या बोलण्यात दत्त बुद्धीचे आणि बॅनर्जी भावनेचे प्रतिनिधी ठरले, ही वाटणी सोयीची असली तरी खोटी आहे.

येथे संशयवाद्यांचे म्हणणेही ऐकायला हवे. सायमन कूपर आणि स्टीफन सिमान्स्की यांनी इंग्लंडच्या क्लबांचा अभ्यास करून दाखवले की, दीर्घकाळात क्लबचे लीगमधील स्थान मुख्यतः तो खेळाडूंच्या पगारावर किती खर्च करतो यावरून ठरते. प्रशिक्षकासाठी उरलेली जागा फार थोडी असते. कोलकात्यात तर हे उघडच होते. दरवर्षी भरणाऱ्या ‘दलबदला’त, म्हणजे खेळाडूंच्या क्लब बदलण्याच्या हंगामात, देशातील उत्तम खेळाडू तेथील दोन-तीन क्लबांकडेच ओढले जात, त्यामुळे बॅनर्जी किंवा दत्त यांच्या हाती आलेले साहित्य गोवा किंवा केरळमधील प्रशिक्षकाच्या हाती सहसा येत नसे. हा आक्षेप हिशेबाच्या दृष्टीने बरोबर आहे, पण तो चाहत्याला लागू पडत नाही, कारण चाहता हिशेब करत नसून अर्थ शोधत असतो. पगाराच्या आकड्यावर प्रेम जडत नाही.

अर्थ शोधण्याची ही ओढ कुठवर जाते याचे आधुनिक उदाहरण इंग्लंडच्या लीड्स युनायटेडने दाखवले. जून 2018 मध्ये तेथे आलेले अर्जेंटिनाचे प्रशिक्षक मार्सेलो बिएल्सा यांचा आग्रह असा की प्रतिस्पर्ध्याच्या प्रत्येक खेळाडूमागे आपला एक खेळाडू मैदानभर धावावा आणि चेंडू मिळताच सगळ्यांनी पुढे झेपावावे. या पद्धतीने लीड्स 16 वर्षांनी, 2020 साली, वरच्या श्रेणीत परतले. फेब्रुवारी 2022 मध्ये याच पद्धतीपायी संघाने महिनाभरात लीगमधील 20 गोल खाल्ले आणि बिएल्सांना काढण्यात आले, तेव्हाही शहरातील भिंतींवर रंगवलेली त्यांची चित्रे कायम राहिली. त्यांनी पद्धत बदलली असती तर कदाचित नोकरी वाचली असती. परंतु निव्वळ कार्यक्षमता हाच निकष मानला तर बदलाला नकार देणे हे अकौशल्य ठरते, आणि चाहत्यांनी नेमका तोच नकार डोक्यावर घेतला. ज्याला ते डावपेचांतील नैपुण्य म्हणतात, त्याचा मोठा भाग प्रत्यक्षात वचन पाळण्याचा नैतिक गुण असतो, आणि तसे म्हणण्यात चाहत्यांची निंदा नाही.

अर्थात या कौतुकाची किंमत कोणी तरी मोजतच असते. 1997 च्या त्या उपांत्य सामन्यात पाय रोवून उभ्या असलेल्या बचावपटूंची नावे दत्तांच्या नावाशेजारी क्वचितच घेतली जातात, आणि त्याच हंगामात पुढे प्रशिक्षक झालेल्या टी. के. चातुण्णी यांनी मोहन बागानला 1997-98 ची राष्ट्रीय लीग जिंकून दिली, तरी त्यांच्या मांडणीला कोणी नाव दिले नाही म्हणून ती गॅलरीत कोणी बोटाने रेखाटत नाही. डायमंडला हरवणाऱ्या ईस्ट बंगालच्या हातीही 1997 चा फेडरेशन चषक लागला नाही. अंतिम सामन्यात त्यांना हरवून तो गोव्याच्या साळगावकर संघाने जिंकला.